'द व्हील ऑफ टाइम': वाचकाची नाराजी, प्रेक्षकाची पसंती आणि पटकथेचे गणित

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे हे उत्तर नेमके कशाला आहे ते इतरांनाही कळेल. 'द व्हील ऑफ टाइम' या जादूच्या काल्पनिक जगातल्या कादंबरीमालेचे सर्व खंड तुम्ही वाचलेले आहेत. तिच्यावर बेतलेल्या मालिकेचा पहिला सीझन पाहून तुम्ही खट्टू झालात. पुस्तकाचे एकही पान न उघडलेल्या तुमच्या बहिणीला मात्र तोच सीझन आवडला. तिसरा सीझन तुम्हा दोघांनाही मनापासून आवडला आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत मालिका बंद होत असल्याचे जाहीर झाले. मूळ कथेशी इमान राखणे खरोखरच अशक्य होते का, पुस्तक वाचलेल्या माणसाने अशा मालिकेबद्दल मत द्यावे तरी कोणत्या आधारावर, आणि कथा अर्धवट राहिल्यामुळे आता पुस्तकांकडे वळू पाहणाऱ्या तुमच्या बहिणीने वाचन कुठून सुरू करावे, असे तुम्ही विचारले आहे.

कादंबऱ्यांवरून मालिकांच्या पटकथा लिहिणे आणि इतरांनी लिहिलेल्या पटकथा तपासणे हे माझे बऱ्याच वर्षांचे काम आहे, त्यामुळे प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया वाचणे हा माझ्या कामाचाच भाग आहे. त्या अनुभवातून लिहिते आहे. पुढे तिन्ही सीझनमधल्या आणि पहिल्या चार खंडांमधल्या घटना उघडपणे आल्या आहेत, तेव्हा ज्यांना त्या आधी कळायला नको असतील त्यांनी इथेच थांबावे.

'मालिकेने बदल केले म्हणून वाचक चिडले' असे स्पष्टीकरण सर्रास दिले जाते. ते मला पटत नाही, आणि ते चुकीचे असल्याचा पुरावा तुमच्याच प्रश्नात आहे. तिसऱ्या सीझनमध्येही मोठमोठे बदल होते; जादूची शक्ती वापरणाऱ्या स्त्रियांची प्रमुख स्यूआन सांचे आणि नायकांचा सोबती लोइअल ही पुस्तकांत पुढेही वावरणारी दोन लाडकी पात्रे त्या सीझनमध्ये मरतात. तरीही तो सीझन तुम्हाला आवडला. म्हणजे तुमची तक्रार बदल या गोष्टीविषयी नाही. माझ्या मते खरा प्रश्न असा आहे की वाचक आणि न वाचलेला प्रेक्षक एकाच पडद्यावर दोन वेगळ्या कथा पाहत असतात: तुमच्या बहिणीपुढे आठ भागांची कथा असते, आणि तुमच्यापुढे त्या आठ भागांतल्या प्रत्येक प्रसंगाला पुढच्या तेरा खंडांतले परिणाम चिकटलेले असतात. एखादा प्रसंग बदलला की तिच्या दृष्टीने काहीच घडत नाही, पण तुमच्या डोळ्यांसमोर त्यावर अवलंबून असलेल्या पुढच्या वीस गोष्टी डळमळू लागतात.

प्रथम 'जसेच्या तसे' याविषयी. रॉबर्ट जॉर्डन यांचा पहिला खंड १९९० मध्ये आला. २००७ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा कथा अपुरी होती; त्यांनी मागे ठेवलेल्या मजकुराच्या आणि टिपणांच्या आधारे ब्रँडन सँडरसन यांनी शेवटचे तीन खंड लिहिले आणि चौदावा खंड २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. पूर्वकथेचा एक छोटा खंड वेगळा. सगळे मिळून शब्द भरतात चाळीस लाखांहून जास्त. पहिला खंड मोठ्याने वाचलेला ऐकायचा म्हटले तर सुमारे ३० तास लागतात, आणि पहिला सीझन होता साधारण तासाभराच्या आठ भागांचा. पानभर वर्णन कॅमेरा तीन सेकंदांत दाखवतो हे खरे, त्यामुळे घट या आकड्यांवरून वाटते तितकी मोठी नसते. पण ती सगळीकडे सारखी पडत नाही. ती मुख्यतः दोन गोष्टींवर पडते. पात्रांच्या मनातले विचार ही एक, आणि प्रवास ही दुसरी. दुर्दैवाने पहिल्या खंडाची सगळी ताकद याच दोन गोष्टींत आहे. खेड्यातून निघालेली भेदरलेली मुले, रात्रीचे रस्ते, अनोळखी खानावळी, प्रत्येक मुक्कामावर वाढत जाणारी भीती आणि हे सर्व बराच काळ एकट्या रँडच्या, म्हणजे कथेच्या नायकाच्या, नजरेतून, अशी त्या खंडाची घडण आहे. त्या संथ चालीमुळेच ते जग अफाट वाटते. आठ भागांत ही चाल टिकवता येणे शक्य नव्हते, आणि कोणताही पटकथाकार आला असता तरी या बाबतीत वाचकाची निराशा ठरलेलीच होती. तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर असे की शब्दशः इमान शक्य नव्हते. उरलेले अर्धे उत्तर प्रत्येक बदलागणिक वेगळे आहे, म्हणून तीन बदल जरा सविस्तर पाहू.

पहिला बदल रहस्याचा. पुस्तकात जादूची शक्ती वापरणारी मॉरेन गावात येते तेव्हा तिचा संशय रँड, मॅट आणि पेरिन या तीन मुलांवर असतो, आणि कथा रँडच्या नजरेतून चालत असल्यामुळे पुनर्जन्म घेतलेला 'ड्रॅगन', म्हणजे जगाला वाचवू शकणारा माणूस, कोण याचा अंदाज वाचकाला लवकर येतो. मालिकेने हे कोडे बरेच ताणले. गावातल्याच एग्वेन आणि नायनीव्ह या दोघींनाही संशयितांमध्ये धरले आणि उत्तर सातव्या भागाच्या शेवटाकडे दिले. पटकथाकार म्हणून यामागचा हेतू मला स्पष्ट दिसतो. कोडे पाच जणांभोवती फिरले की पाचही पात्रांकडे प्रेक्षक सारख्याच उत्सुकतेने पाहतो आणि पुढच्या सीझनांत ज्या दोघींवर मोठा भार येणार आहे त्या सुरुवातीपासूनच महत्त्वाच्या ठरतात. तुमच्या बहिणीला कोणते पात्र आवडले ते विचारून पाहा. तिने रँडऐवजी नायनीव्हचे नाव घेतले तर मला मुळीच नवल वाटणार नाही.

आता या बदलाची किंमत. या जगातली मूलभूत भीती अशी की जादूच्या शक्तीचा पुरुषांच्या वाट्याला आलेला अर्धा भाग कलुषित झालेला आहे आणि ती शक्ती वापरणारा पुरुष आज ना उद्या वेडा होतो. जगाला वाचवू शकणारा माणूसच वेडाच्या भरात जगाचा नाश करील, या एका पेचातून या कथेचे सारे राजकारण, आएस सेडाई म्हणजे शक्ती वापरणाऱ्या मॉरेनसारख्या स्त्रियांची सारी सत्ता आणि रँडचा सारा एकाकीपणा निर्माण होतो. ड्रॅगन स्त्रीही असू शकेल असे म्हटले की तेवढ्या काळापुरता हा पेच सैल पडतो. मालिकेने शक्ती वापरणाऱ्या लोगेन या पुरुष पात्राच्या रूपाने वेडाची भीती चौथ्या भागात उत्तम दाखवली, पण ती भीती नायकाला चिकटायला हवी होती आणि नायक कोण हेच सातव्या भागापर्यंत झाकलेले होते. म्हणून या बाबतीत वाचकांची तक्रार मला हट्टाची वाटत नाही. ती कथेच्या पायाविषयी आहे. त्याच वेळी पाच पात्रांना न्याय मिळाला हा लाभही खराच. मला निवड करायची असती तर मी मुलींना संशयितांत न घेता दुसऱ्या मार्गाने पुढे आणले असते, कारण नायनीव्हसारख्या पात्राला कोड्याच्या आधाराची गरज नव्हती. ती स्वतःच्या स्वभावावर उभी राहते.

दुसरा बदल पेरिनच्या पत्नीचा, आणि मी वाचलेल्या प्रतिक्रियांमध्ये सर्वांत जास्त कडवटपणा याच बदलाविषयी दिसला. पुस्तकात पेरिन सुरुवातीला अविवाहित आहे. मालिकेच्या पहिल्याच भागात त्याची पत्नी दाखवली आहे आणि गावावरच्या हल्ल्याच्या गोंधळात ती चुकून त्याच्याच हातून मारली जाते. असे का केले असावे? पेरिन हा धिप्पाड, मितभाषी, आपल्या ताकदीने कुणाला इजा होईल या भीतीने जपून वागणारा मुलगा आहे, आणि ही भीती पुस्तकात त्याच्या विचारांतून कळते. पडद्यावर विचार दिसत नाहीत. मितभाषी पात्र पडद्यावर केवळ गप्प दिसते. त्यामुळे मनातली भीती बाहेर आणण्यासाठी एखादी घटना रचणे भागच होते. गरज अगदी खरी होती, मात्र निवडलेली घटना त्या गरजेच्या मानाने फार जड होती. ज्याच्या हातून स्वतःची पत्नी मारली गेली तो मुलगा दुसऱ्या दिवशी मित्रांबरोबर प्रवासाला निघतो, यावर विश्वास बसायचा तर त्या दुःखाला पुढच्या प्रत्येक भागात जागा द्यावी लागते, आणि आठ भागांत पाच नायकांची कथा सांगणाऱ्या मालिकेकडे तेवढी जागा नव्हती. परिणामी पेरिन आणखीच गप्प झाला. शिवाय पुरुषाला दुःख देण्यासाठी स्त्री पात्र निर्माण करून लगेच मारायचे, याविषयीचा आक्षेप पुस्तके न वाचलेल्यांनीही घेतला. मालिकेशी सल्लागार म्हणून जोडलेल्या सँडरसन यांनीही या बदलाविषयीची आपली असहमती जाहीरपणे सांगितली होती. तेव्हा या एका बाबतीत तुमची नाराजी जुळवून घेण्याची काहीही गरज नाही.

तिसरी गोष्ट सीझनच्या अखेरीची, आणि इथे मात्र परिस्थितीचा भाग फार मोठा आहे. मॅटची भूमिका करणाऱ्या अभिनेत्याने चित्रीकरण अर्धवट असताना मालिका सोडली. प्रागच्या परिसरात चाललेले चित्रीकरण २०२० मध्ये महामारीमुळे थांबले आणि पुन्हा सुरू झाले तेव्हा कामाच्या अटीच बदललेल्या होत्या. मॅट सहाव्या भागाच्या शेवटी बाकीच्यांबरोबर जायला नकार देऊन मागे राहतो, हे पुस्तकात नाही. ते कथेच्या गरजेतून आलेले नसून अभिनेता उपलब्ध नसल्यामुळे आलेले आहे. हे माहीत नसलेला वाचक तो प्रसंग 'लेखकांना मॅट समजलाच नाही' असा वाचतो. शेवटच्या भागात शत्रूचे सैन्य रँडऐवजी एकत्र शक्ती वापरणाऱ्या काही स्त्रिया नष्ट करतात, त्यात नायनीव्ह मृतवत दिसते आणि एग्वेन तिला जणू परत आणते. या जगात मृत्यूवर इलाज नाही हा कथेचा ठाम नियम आहे. ती मेलेली नव्हती असा खुलासा करता येतो, पण प्रेक्षकाने जे पाहिले ते पाहिले. नियम मोडल्यासारखा दिसला तरी पुढच्या प्रत्येक संकटातला जीव कमी होतो, आणि हे वाचकाच्या आधी लक्षात येते, कारण तो नियम पुढे किती ठिकाणी लागणार आहे हे त्याला ठाऊक असते.

थोडक्यात, तुमच्या पहिल्या सीझनच्या नाराजीत तीन वेगवेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असाव्यात. संथ प्रवास हरवल्याची खंत अटळ होती, ड्रॅगन आणि पेरिन यांच्याविषयीचा आक्षेप कथेच्या रचनेला धरून आहे, आणि अखेरीचा विस्कळितपणा बऱ्याच अंशी परिस्थितीने लादलेला होता. या तिन्हींची एकत्र बेरीज करून 'लेखकांना पुस्तकाविषयी आदर नाही' असा निष्कर्ष काढला की चर्चा तिथेच खुंटते.

आता एक गोष्ट सांगते जी प्रेक्षकांच्या सहसा ध्यानात येत नाही. पहिला सीझन नोव्हेंबर २०२१ मध्ये प्रदर्शित झाला, पण दुसऱ्या सीझनचे चित्रीकरण त्याच वर्षीच्या जुलैमध्ये सुरू झालेले होते. म्हणजे पहिल्या सीझनवर तुम्ही पोटतिडकीने लिहिलेली प्रतिक्रिया वाचली गेली असे मानले, तरी दुसऱ्या सीझनच्या पटकथांना तिचा फारसा उपयोग होणे शक्य नव्हते. तिचा परिणाम दिसायचा तर तो तिसऱ्या सीझनमध्ये, म्हणजे मार्च २०२५ मध्ये. मोठ्या खर्चाच्या मालिकांमध्ये हे अंतर असेच असते, आणि मी ज्या कामांत भाग घेतला त्यांतही पहिल्या सीझनची पहिली प्रतिक्रिया हाती येईपर्यंत दुसऱ्याचे बरेचसे लेखन झालेले असायचे. अशा वेळी दुसरा सीझन पाहून 'यांनी आमचे काहीच ऐकले नाही' म्हणणारा प्रेक्षक आणि ऐकूनही हात बांधलेला लेखक, दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात.

मग तिसऱ्या सीझनमध्ये असे काय झाले? माझ्या मते त्याचे उत्तर त्याच्या चौथ्या भागात आहे. रँड रुइडिन या शहरात काचेच्या खांबांमधून चालत जातो आणि प्रत्येक पावलागणिक आपल्या पूर्वजांच्या आयुष्यात मागे मागे जातो, हा चौथ्या खंडातला भाग. आज भाले घेऊन लढणारे आईल लोक एके काळी शस्त्राला हातही न लावणारे होते आणि ते तसे का उरले नाहीत, हे आपल्याला उलट्या क्रमाने कळत जाते. परिणाम आधी आणि कारण नंतर. हा भाग चित्रित होऊ शकेल असे अनेक वाचकांना वाटत नव्हते. मालिकेने तो जवळजवळ पूर्ण भागभर शांतपणे उलगडला, पूर्वजांच्या भूमिका रँड साकारणाऱ्या जोशा स्ट्राडोव्स्की याच्याकडूनच करून घेतल्या, आणि मॉरेनला त्याच शहरात काय दिसते हेही दाखवले, जे पुस्तकात आपण तिच्या नजरेतून पाहत नाही. म्हणजे इथेही बदल आहेतच. पण या भागात मूळ प्रकरणाची रचना, म्हणजे उलटा क्रम आणि त्यातून येणारी हळूहळू पटत जाणारी जाणीव, अभंग ठेवली आहे, आणि जे नवे घातले आहे ते त्याच रचनेला बळ देते. एकच चेहरा पिढ्यान्‌पिढ्या दिसत राहिल्यामुळे रक्ताचे नाते वेगळे समजावून सांगावेच लागत नाही. तुमच्या बहिणीला तो भाग कळला आणि तुम्हालाही आवडला याचे कारण हेच आहे. मला स्वतःला तो भाग अलीकडच्या काळातल्या रूपांतराच्या सर्वोत्तम कामांपैकी एक वाटतो आणि पटकथा लिहू इच्छिणाऱ्यांना मी ती दोन प्रकरणे आधी वाचून मग तो भाग पाहायला सांगते.

वाचकाचे आधीचे ज्ञान हे ओझे ठरते की आनंद, हे अशाच ठिकाणी ठरते. कादंबऱ्यांवरच बेतलेली 'गेम ऑफ थ्रोन्स' ही मालिका आठवा. २०१३ मध्ये तिथल्या त्या कुप्रसिद्ध लग्नाच्या, म्हणजे विश्वासघाताने पाहुण्यांची कत्तल होते त्या, भागाच्या वेळी पुस्तक वाचलेले लोक काय घडणार ते माहीत असूनही गप्प बसले आणि शेजारी बसलेल्या मित्रांचे हादरलेले चेहरे त्यांनी हौसेने टिपून ठेवले. त्या प्रसंगातही बदल होता. त्या कत्तलीत बळी पडणाऱ्या रॉबची पत्नी पुस्तकात त्या लग्नाला हजर नाही, मालिकेत ती हजर आहे आणि तिथेच मारली जाते. तरी वाचक नाराज झाले नाहीत, कारण विश्वासघाताची कारणे, तो घडण्याची रीत आणि त्याचा परिणाम या तिन्ही गोष्टी जागच्या जागी होत्या. वाचकाला जे माहीत होते ते खरे ठरले आणि त्या माहितीला मान मिळाला. 'व्हील ऑफ टाइम'च्या पहिल्या सीझनमध्ये नेमके उलटे झाले: आपल्याला जे माहीत आहे ते अजून लागू आहे की नाही, हेच वाचकाला कळेना. माझ्या मते मूळ दुखणे या अनिश्चिततेत होते, आणि ते कोणत्याही एका बदलापेक्षा मोठे होते.

त्याच 'गेम ऑफ थ्रोन्स'ची अखेर दुसरी बाजू दाखवते. पाचवा खंड २०११ मध्ये आला आणि सहावा आलाच नाही, त्यामुळे नंतरच्या सीझनांत वाचक आणि न वाचलेले असा भेद जवळजवळ संपला. पुढे काय होणार हे कुणालाच माहीत नव्हते. सातवा सीझन सात भागांचा आणि आठवा सहा भागांचा झाला. २०१९ मध्ये तो आठवा सीझन नव्याने लिहावा अशी मागणी करणाऱ्या ऑनलाइन अर्जावर दहा लाखांहून अधिक लोकांनी नावे नोंदवली, आणि त्याच वर्षी त्या सीझनला सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेसह बारा एमी पुरस्कारही मिळाले. तेव्हाच्या तक्रारी मी बारकाईने वाचल्या होत्या. सिंहासनावर दावा सांगणाऱ्या डेनेरिसच्या शेवटाविषयी नाराज असलेल्यांपैकी अनेकांना तो शेवट मुळात अमान्य नव्हता, तिथवर नेणाऱ्या पायऱ्या गाळल्या गेल्या हे अमान्य होते. म्हणजे पुस्तक हाताशी नसतानाही प्रेक्षकाने नेमके तेच मागितले जे 'व्हील ऑफ टाइम'चा वाचक पुस्तकाच्या नावाने मागत होता: घटना आणि तिचे कारण यांच्यातला धागा तुटू नये.

यावरून मी प्रतिक्रिया कशा वाचते ते सांगते, कारण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे. 'पुस्तकात असे नव्हते' एवढेच म्हणणारी प्रतिक्रिया मी बाजूला ठेवते. ती खोटी नसते, पण तिच्यातून पटकथेविषयी काही कळत नाही. 'हे असे का झाले ते कळले नाही' ही प्रतिक्रिया, मग ती कुणाचीही असो, मी सर्वांत आधी वाचते. पुस्तक न वाचलेला प्रेक्षक सहसा दुखणे सांगतो, वाचलेला प्रेक्षक सहसा उपाय सांगतो. उपाय बहुधा 'पुस्तकातले परत आणा' असाच असतो आणि तो अनेकदा लागू पडत नाही, पण दोघे एकाच जागी बोट ठेवत असतील तर तिथे पटकथेत नक्कीच काहीतरी बिघडलेले असते. पेरिनच्या पत्नीबाबत असेच झाले. पटकथेच्या टप्प्यावरही मी हीच रीत वापरते: कच्चा मसुदा कादंबरी वाचलेल्या एकाला आणि न वाचलेल्या एकाला देते, आणि दोघांनाही मत न विचारता फक्त कथा पुन्हा सांगायला लावते. त्यांच्या सांगण्यात जिथे कारणे वेगळी येतात तिथे काम बाकी आहे असे समजावे.

काही प्रतिक्रिया रूपांतराविषयी नसतातच. प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशीचे गुणांकन मी पाहतही नाही. २०२२ मध्ये 'द रिंग्ज ऑफ पॉवर' ही अशीच जादूच्या जगातली मालिका आली तेव्हा ती दाखवणाऱ्या प्राइम व्हिडिओने प्रेक्षकांची परीक्षणे ७२ तास रोखून धरली होती, कारण मालिका न पाहताच गुण देणाऱ्यांचा लोंढा येतो हे एव्हाना सगळ्यांना माहीत झाले होते. त्यातला मोठा भाग अभिनेत्यांच्या वर्णाविषयीच्या रागाचा असतो. 'व्हील ऑफ टाइम'च्या वाट्यालाही तो आला. त्यातही दूरच्या, एकाकी खेड्यातली माणसे एकमेकांसारखी दिसायला हवीत आणि रँड त्यांच्यात वेगळा उठून दिसायला हवा, असा कथेला धरून असलेला एक मुद्दा होता आणि त्यावर सभ्यपणे बोलणारे वाचकही होते. पण रँडचे वेगळेपण मालिकेने राखले होते, त्यामुळे तो मुद्दा माझ्या मते फार काळ टिकत नाही.

तुम्ही स्वतः मत देताना एक करून पाहा. ज्या बदलाचा राग येतो त्याच्यापुढे तीन प्रश्न ठेवा: पुस्तकातला तो प्रसंग पुढे कोणत्या गोष्टीचे कारण ठरतो, मालिकेने त्या पुढच्या गोष्टीसाठी दुसरे कारण दिले आहे का, आणि ते कारण मालिका एवढीच पाहिलेल्या माणसाला दिसते का. तिन्ही उत्तरे मिळाली तर तो बदल आपल्या आवडीचा नसला तरी सशक्त आहे. स्यूआनच्या मृत्यूचेच पाहा. पुस्तकात तिचे पद आणि तिची शक्ती हिरावली जाते आणि ती जगते. मालिकेत तिचा शिरच्छेद होतो. वाचक म्हणून तो प्रसंग मला सहन झाला नाही, पण मॉरेन आणि तिच्या नात्याला मालिकेने पहिल्या सीझनपासून जे स्थान दिले होते त्याला धरून तो होता, आणि त्याचे परिणाम पुढे दिसले असते. ते पाहायला मिळणार नाहीत, म्हणून त्या बदलाविषयी अखेरचा निवाडा करणे मला अन्यायाचे वाटते.

मालिका बंद होण्याविषयी थोडेच लिहिते. मे २०२५ मध्ये निर्णय जाहीर झाला तेव्हा खर्चाच्या मानाने प्रेक्षकसंख्या पुरेशी नसल्याचे कारण बातम्यांमधून पुढे आले. तिसऱ्या सीझनचे कौतुक समीक्षकांनीही केले आणि वाचकांनीही; पण पहिल्या सीझननंतर निघून गेलेला प्रेक्षक तिसरा सीझन चांगला आहे हे ऐकून सहसा परत येत नाही, कारण त्याला मधले आठ तास भरून काढावे लागतात. दीर्घ कथेत पहिल्या आठ भागांत गमावलेला विश्वास फार महाग पडतो. म्हणूनच मला पहिल्या सीझनमधल्या त्या अनिश्चिततेविषयी अजूनही मनापासून वाईट वाटते. ज्या लेखकांनी रुइडिनचा भाग लिहिला त्यांच्यात ही संपूर्ण कथा पेलण्याची कुवत होती.

राहिला तुमच्या बहिणीचा प्रश्न. तिसऱ्या सीझनने मुख्यतः चौथ्या खंडातल्या घटना सांगितल्या, म्हणून पाचव्या खंडापासून वाचावे असे तिला कुणी सुचवले असेल तर ते मानू नये. मालिकेत मेलेली पात्रे तिथे जिवंत भेटतील, तिला ठाऊक असलेली पेरिनची पत्नी कधी नव्हतीच असे कळेल, आणि ज्या धाग्यांवर पुढचे खंड उभे आहेत त्यांतले अनेक मालिकेत आलेलेच नाहीत. तिने पहिल्या खंडापासूनच सुरुवात करावी. मॉरेन तिला तिथे बरीच दूर उभी असलेली वाटेल आणि रँड एकदम जवळचा, हे आधी सांगून ठेवा, नाहीतर पहिली शंभर पाने तिचा हिरमोड होईल. पूर्वकथेचा खंड मॉरेनविषयी असल्यामुळे तो आधी वाचण्याचा मोह तिला होईल. तो निदान पाच-सहा खंडांनंतर वाचलेला बरा, कारण त्यातल्या अनेक गोष्टींचे मोल पुढचे माहीत असल्याशिवाय कळत नाही. आणि चौथ्या खंडातल्या रुइडिनच्या प्रकरणांपर्यंत ती पोचली की तिला काय वाटले ते तिच्याकडून नक्की ऐका. तो भाग आधी पडद्यावर पाहून मग वाचणारी ती असेल आणि आधी वाचून मग पाहणारे तुम्ही, तेव्हा त्या एका प्रसंगावर तुम्हा दोघांचे बोलणे प्रथमच बरोबरीचे होईल.